बापाच्या पंखाखाली: कादंबरी स्वतः छापायची तर

गोव्यातल्या कुडचड्याहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. ६२,००० शब्दांची कादंबरी लिहून तयार आहे. दोन प्रकाशकांकडे १४ महिने पडून आहे. होकार नाही की नकार नाही. एका कंपनीनं ‘पैसे भरा, बाकी सगळं आम्ही बघतो’ असं सांगितलंय. स्वतः छापायची तर सुरुवात कुठून करायची? शिवाय पावसाळ्यातल्या सकाळी तुम्ही नंदा तळ्यावर असता, कमळपक्ष्यांची पिल्लं आता कुठं बाहेर पडली आहेत, त्यांना सोडवत नाही. मग पुस्तक पुढच्या वर्षावर ढकलावं का? आणि मोबाइलवर काढलेला घरट्याचा फोटो मुखपृष्ठाला चालेल का? सोबत तळ्याचं प्रकरण पाठवलंय.

उत्तर आधीच देते. स्वतः छापा. त्या कंपनीकडून नको. पुढच्या वर्षावर ढकलू नका. तो फोटो वापरू नका. पण हे सगळं बोलण्याआधी त्या प्रकरणाबद्दल बोलायला हवं.

तुमची नायिका पहाटे तळ्यावर येते. धुकं आहे, कुमुदिनीची पानं वाऱ्यानं उलटी होताहेत. कमळपक्ष्याची आई पिल्लांना हाक मारते, ती धावत येतात, आई त्यांना पंखाखाली घेते आणि उठून चालू लागते. पंखांखालून पिल्लांचे लांब लांब पाय लोंबत असतात. नायिकेची आई लहानपणीच गेलेली, म्हणून ती बघत राहते. लोंबणारे पाय तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय लिहिता आले नसते, हे मला लगेच कळलं. फक्त ती आई नाही. तो बाप आहे.

कांस्यपंखी कमळपक्ष्यात घरटं करणं, अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं हे सगळं नराकडे असतं. मादी आकारानं मोठी असते, एका मोठ्या पट्ट्यावर तिचा ताबा असतो आणि त्या पट्ट्यात एकाहून अधिक नर असू शकतात. ती एकाच्या घरट्यात साधारण चार अंडी घालते आणि दुसऱ्याकडे वळते. लांब शेपटीच्या कमळपक्ष्यातही हेच आहे. तिथं तर मादी एका हंगामात दहापर्यंत वेळा अंडी घालू शकते, आणि प्रत्येक वेळी उबवायला एक नर बसतो, २६ ते २८ दिवस. नर-मादी दिसायला सारखेच, रंगात फरक नाही. शेजारी शेजारी दिसले तरच आकार लक्षात येतो. म्हणून चूक होते. माझीही झाली होती.

माझी पहिली कादंबरी मी ५०० प्रती छापून काढली. त्यातली दोन पानं करमळीच्या तळ्यावरची. लागोपाठ दोन पावसाळे मी तिथं जाऊन बसत होते आणि तरी मी ‘आई’ असंच लिहिलं, कारण पिल्लांना पोटाशी धरणारं कोणी दिसलं की माझ्या मनानं तो शब्द परस्पर टाकला होता. ज्याच्या शेताच्या बांधावर बसून मी ते लिहिलं, त्या शेतकऱ्याला मी आवर्जून एक प्रत दिली. आठवड्यानं तो भेटला. पुस्तक आवडल्याचं त्यानं सांगितलं, जरा थांबला आणि म्हणाला, “बाये, ती आवय न्हय. बापूय तो.” तोवर सगळ्या प्रती बाहेर पडल्या होत्या.

ही गोष्ट सांगते कारण स्वतः प्रकाशन करण्याची खरी किंमत पैशात नसते. चांगल्या प्रकाशकाकडे तुमच्या आणि वाचकाच्या मध्ये दोन-तीन माणसं उभी असतात: संपादक, मुद्रितशोधक, कधी एखादा चिकित्सक मित्र. स्वतः छापता तेव्हा मध्ये कोणी नसतं. ती माणसं तुम्हाला शोधून उभी करावी लागतात, आणि पहिला खर्च तिथं करायचा असतो. मुखपृष्ठावर नाही, प्रकाशन समारंभावर तर नाहीच.

तुम्हाला निदान तिघं हवीत. एक, कादंबरी कादंबरी म्हणून वाचणारा. तो तुमचा मित्र नसलेला बरा. दोन, मराठी मुद्रितशोधक. तीन, ज्या जगाबद्दल लिहिलंय त्या जगातला माणूस. तुमच्या कादंबरीत पक्षी आहेत आणि खनिज वाहून नेणाऱ्या सपाट बोटी, म्हणजे बार्ज आहेत. पक्ष्यांचं तुम्ही मला दाखवलंत. बार्जचं प्रकरण बार्जवर काम केलेल्या कोणाला तरी वाचून दाखवा. कुडचडे-सावर्डे भागात असा माणूस शोधायला तुम्हाला लांब जावं लागणार नाही. त्याच्या हातात कागद देऊ नका, समोर बसून मोठ्यानं वाचा. जिथं तो मान हलवायची थांबवेल तिथं पेन्सिलीनं खूण करा.

मुद्रितशोधकाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण गोव्यातल्या मराठी लेखकाला इथं हमखास ठेच लागते. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. तेव्हा १४ होते, १९७२ मध्ये आणखी चार आले, असे १८. चांगला मुद्रितशोधक ते कोळून प्यायलेला असतो. पण तो गोव्याबाहेरचा असेल तर आपले शब्द त्याला चुका वाटतात. माझ्या दुसऱ्या पुस्तकात खाजन शेतीचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचं, वर्णन होतं. ‘ओहोटीला मानस उघडली’ असं मी लिहिलं होतं. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीच्या पाण्याच्या जोरानं मिटतं, ओहोटीला उघडतं. प्रुफात ते ‘ओहोटीला मनं उघडली’ होऊन आलं. मी ते वाचलं आणि तरी पुढे गेले, कारण डोळ्यांना वाक्य ओळखीचं होतं. छापखान्यात जायच्या आदल्या दिवशी मुलीनं पकडलं.

तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाबरोबर एक शब्दयादी देते. खाजन, मानस, पोय, कुळागर, भाटकार, पदेर, चवथ, पात्रांची नावं, गावांची नावं कशी लिहायची ते, कुठल्या पात्राच्या तोंडी कोंकणी येते आणि ती कशी लिहिली आहे. वर एक ओळ: यादीतल्या शब्दाला हात लावू नये. दोन पानांचं काम आहे. तुमच्या संवादांत कोंकणी भरपूर आहे आणि ती अस्सल आहे. ती जपायची तर ही यादी आजच सुरू करा.

आता अक्षरजुळणी. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलंय हे उत्तम. अनेक डीटीपी करणारे अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम करतात आणि तुमचा मजकूर त्यात रूपांतरित करून घेतात. त्या उड्या मारताना जोडाक्षरं सांडतात. ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो, कुठं अनुस्वार उडतो, अवतरणचिन्हं उलटी होतात. शिवाय पुढे ई-पुस्तक करायचं ठरलं तर तो मजकूर उपयोगाचा राहत नाही. म्हणून काम देण्याआधी विचारा: मांडणी युनिकोडमध्येच करणार का? इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये करत असतील तर त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू आहे ना? तो बंद असेल तर देवनागरी जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसत नाहीत. मग ‘ऱ्या, ष्ट्र, ङ्म, त्त्व, शृं, ल, श’ एवढंच एका ओळीत लिहून नमुना मागा. ल आणि श मराठी वळणाचे आले की हिंदी वळणाचे, हेही बघा. हिंदी वळणानं काही बिघडत नाही असं लोक म्हणतात. मला मात्र मराठी कादंबरी मराठी ल-मध्येच वाचायला आवडते.

एक बारीक दोष डोळ्यांना दिसतच नाही. काही कीबोर्डवर ‘आ’ हा एक अक्षर म्हणून न येता ‘अ’ आणि काना असा दोन तुकड्यांत येतो. पडद्यावर सारखाच दिसतो, पण शोधायला गेलं की सापडत नाही आणि काही फाँटमध्ये काना सुटा पडतो. ‘अ’ आणि काना शोधून त्याजागी ‘आ’ घाला. पाच मिनिटांचं काम आहे.

करमळीच्या तळ्यापासून जुने गोवे जवळच आहे. १५५६ साली अ‍ॅबिसिनियाला जायला निघालेलं छपाईयंत्र तिथं उतरलं आणि तिथंच राहिलं. भारतातली छपाई तिथं सुरू झाली. १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं. काव्य मराठी, अक्षरं मात्र रोमन. हे मला प्रुफं तपासताना नेहमी आठवतं. आपल्या भूमीत मराठी पुस्तक छापलं गेलं आणि त्यात मराठी अक्षर नव्हतं. आज घरबसल्या एक बाई स्वतःच्या पैशानं देवनागरीत कादंबरी छापू शकते. तिथं ‘ऱ्या’ मोडका जाऊ देणं मला सहन होत नाही.

प्रुफं तीन वेळा. पहिलं मुद्रितशोधकाचं. दुसरं तुमचं, कागदावर, मोठ्यानं वाचत. तिसरं फक्त दुरुस्त्या झाल्या का एवढंच बघायचं, कारण एक चूक काढताना दुसरी शिरते. दोन प्रुफांच्या मध्ये निदान दहा दिवस जाऊ द्या. आणि इथं तुमच्या तळ्याच्या प्रश्नाला येते.

तळं सोडू नका. सकाळी सहा ते आठ हा पक्ष्यांचा वेळ, प्रुफांचा नाही. त्या वेळी घरी टेबलाशी बसलात तरी मन तिकडेच असणार. जेवणानंतर दुपारी प्रुफं घ्या, दिवसाला १५ पानं, त्याहून जास्त नाही. २२४ पानांना १५ दिवस लागतात. आता श्रावण लागलाय. चवथीपर्यंत पहिलं प्रूफ होईल, दसऱ्यापर्यंत तिन्ही होतील. तोवर नंदा तळ्यावरची पिल्लंही बापामागून सुटी फिरायला लागलेली असतील.

या दोन कामांनी एकमेकांना मदत केल्याचं मी अनुभवलंय. टिबुकली घरट्यावरून उठताना अंड्यांवर पाणवनस्पती ओढून टाकते आणि मगच पाण्यात शिरते. पहिली काही वर्षं मला नुसतं रिकामं, ओलं गवताचं ढेकूळ तरंगताना दिसायचं. ते घरटं आहे हे कळायला एका जागी न हलता तासभर बसावं लागलं, आणि तिला परत येऊन चोचीनं ते गवत बाजूला करताना बघावं लागलं. ज्या दिवशी असं तासभर बसून आले, त्या दुपारी प्रुफात चुका जास्त सापडल्या. नजर ओळखीच्या आकारावरून घसरत पुढे जात नव्हती, एवढंच त्याचं कारण असावं.

पण बसायचं ते लांब. फोटोबद्दल मी एवढी ठाम का आहे ते सांगते. तुमच्या फोटोत अंड्यांवरच्या काळ्या रेघोट्या दिसताहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं त्या दिसायच्या तर तुम्ही घरट्यापासून दोन-तीन हातांवर होतात. म्हणजे नर उठून गेलेला होता. तो उठलेला असताना अंडी उघडी पडतात, आणि आपण पाण्यातून केलेली वाट कावळ्यांना दिसते. तुम्ही प्रेमानंच गेलात, पत्रातून ते कळतं. तरीही पुन्हा जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं येतं. नंदा तळं २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, गोव्यातलं पहिलं; जेमतेम ४२ हेक्टर पाणी आहे. तुमचं पुस्तक वाचून दहा लोक तसाच फोटो काढायला उतरले तर त्या पाण्याला ते झेपणार नाही. ८×४२ ची दुर्बीण घ्या, काठावर बसा. घरट्याची नेमकी जागा पुस्तकातही लिहू नका, ‘पलीकडच्या बांधाखाली’ वगैरे खुणा काढून टाका. पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघायला लागला किंवा पंख मोडल्यासारखा फडफडायला लागला तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे या.

छपाईच्या बाजूनंही तो फोटो बसत नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४,००० पिक्सेल रुंद असतो. तुम्ही त्याच्या रुंदीचा फक्त पाव भाग कापून घेतलाय, म्हणजे रुंदी १,००० राहिली. डेमी आकाराचं मुखपृष्ठ साडेपाच इंच रुंद. ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्याला १,६५० पिक्सेल लागतात, आणि कडेनं कापण्यासाठी तीन मिलिमीटर जादा वेगळे. अंडी धुरकट येतील. शिवाय कांस्यपंखी कमळपक्ष्याच्या पाठीवरचा तो तांब्या-हिरव्याचा झगझगीतपणा चार रंगांच्या छपाईत मातकट होतो. माझ्या तिसऱ्या पुस्तकावर तो झाला. चित्रकाराकडून रेखाचित्र करून घ्या. काळी रेघ, एक रंग. पंखाखालून लोंबणारे पाय, बस. पुस्तकाच्या दुकानात ते लांबून ओळखू येईल. आणि चित्राचे हक्क कोणाकडे, कुठं कुठं वापरता येईल, हे चित्रकाराशी एका कागदावर लिहून घ्या, तो ओळखीचा असला तरी.

आता त्या कंपनीच्या पॅकेजबद्दल. अशा कंपन्या सगळ्या फसवतात असं मी म्हणणार नाही. पण त्यांचा करार तुम्ही मला पाठवलात त्यात तीन गोष्टी खटकल्या. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) त्यांच्या नावचा आहे, म्हणजे नोंदीत प्रकाशक ते, तुम्ही नाही. उद्या दुसरीकडे आवृत्ती काढायची तर नवा क्रमांक घ्यावा लागेल. मांडणीची मूळ फाइल तुम्हाला मिळणार नाही, फक्त पीडीएफ. एक वेलांटी बदलायची तरी परत त्यांच्याकडे जा आणि पैसे द्या. आणि ‘संपादन’ म्हणून जे लिहिलंय ते संगणकावरची शुद्धलेखन तपासणी आहे. याहून महत्त्वाचं, त्यांच्याकडे तुमच्या प्रकरणातली ‘आई’ पकडणारं कोणी नाही. पैसे तुम्ही देणार आणि मधली माणसं तरीही नसणार.

आयएसबीएन तुम्हाला स्वतःला मिळतो, आणि फुकट मिळतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक-प्रकाशक म्हणून. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पुस्तकाचं शीर्षक-पान आणि मुखपृष्ठ तयार ठेवा. छापील पुस्तकाला एक, ई-पुस्तकाला वेगळा. क्रमांक यायला वेळ लागू शकतो, म्हणून दुसऱ्या प्रुफाच्या वेळीच अर्ज करा. आला की मागच्या पानावर आणि बारकोडात तोच छापलाय ना, हे आकडा आकडा बोट ठेवून तपासा. तपासायची युक्ती अशी: १३ आकडे ओळीनं एकदा एकनं, एकदा तीननं गुणत जा, सगळ्यांची बेरीज करा, तिला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. गेला नाही तर कुठं तरी आकडा चुकलाय.

लेखनाधिकार लिहिल्या क्षणापासून तुमचाच आहे, नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. करायचीच असेल तर करा, पण त्यासाठी पुस्तक अडवून ठेवू नका.

छपाई किती प्रती? तुम्ही ‘१,००० छापल्या तर स्वस्त पडतं’ असं लिहिलंय. प्रत स्वस्त पडते, पण ७०० प्रती पलंगाखाली राहतात, आणि गोव्यात पलंगाखाली काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. पहिल्यांदा ३०० काढा. त्या संपल्या तर मूळ फाइल तुमच्याकडे आहेच, महिन्याभरात आणखी निघतात. आणि त्या दुसऱ्या खेपेत चुका दुरुस्त करता येतात. माझी ‘आई’ दुसऱ्या आवृत्तीत बाप झाली, पण पहिल्या ५०० जणांकडे ती अजून आईच आहे.

६२,००० शब्द म्हणजे डेमी पानावर साधारण २९० शब्द धरले तर २१४ पानं. सुरुवातीची पानं धरून २२४ वर आणा. छपाई १६ पानांच्या फॉर्ममध्ये होते, २२४ म्हणजे बरोबर १४ फॉर्म. २२७ झाली तर पंधराव्या फॉर्मातली १३ पानं कोरी जातात, म्हणून मांडणीतच घट्ट करा. आत ७० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) नॅचरल शेड कागद, पांढराशुभ्र नको. रात्री दिव्याखाली डोळ्यांना तो टोचतो. बाहेर ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. शिलाई घालून मग चिकटवलेलं पुस्तक मागा. नुसतं डिंकावर चिकटवलेलं उघडलं की कण्यातून पान सुटतं. खर्च थोडा वाढतो, वाढू द्या. कणा साधारण ११ मिलिमीटर येईल, पण मुखपृष्ठ करण्याआधी छापखान्याकडून त्याच कागदाचं कोरं पुस्तक बांधून घ्या आणि मोजा.

आणि पावसात छापू नका. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. कागद हवेतलं पाणी पितो. एकाच बाजूनं लॅमिनेशन असल्यामुळे मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळतं आणि वळलेलंच राहतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात छापा. घरी आलेले गठ्ठे जमिनीवर ठेवू नका, लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब. ओलसर असताना प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नका, आत बुरशी येते.

विक्रीचं थोडक्यात सांगते, कारण यात माझं काही फार मोठं ज्ञान नाही. दुकानदार माझ्याकडून साधारण ४० टक्के सूट घेतात, टपालखर्च माझा. म्हणून किंमत छपाईखर्चाच्या तिपटीच्या खाली ठेवली की हाती काही उरत नाही. ई-पुस्तक किंडलवर मराठीत टाकता येतं. ते छापील पुस्तकानंतर तीन-चार महिन्यांनी टाका. सगळ्यात जास्त प्रती मात्र मी स्वतः नेऊन दिल्या आहेत: शाळांची ग्रंथालयं, वाचनालयं, देवळांतले उत्सव, मराठी संमेलनं. बिलबुक बरोबर ठेवा. प्रत ‘नंतर पैसे देतो’ म्हणणाऱ्याला द्यायची की नाही हा प्रत्येकाचा प्रश्न. मी देते.

प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत चार प्रती स्वखर्चानं पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि चेन्नई, मुंबई, दिल्ली इथली सार्वजनिक ग्रंथालयं. १९५४ चा कायदा आहे. स्वतः छापणारे पुष्कळ जण हे करत नाहीत. करा. तुमची कादंबरी कुठं तरी कायमची नोंदली जाते. पाचवी प्रत मी आपणहून पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात देते. १८३२ पासूनचं ते ग्रंथालय आहे, माझं पुस्तक तिथल्या कपाटात आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

आता परत त्या प्रकरणाकडे. तुम्ही पत्रात कादंबरीचं सार दिलंय: २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, बार्ज धक्क्याला लागले, नायिकेच्या वडिलांचं काम गेलं, आणि आई नसलेल्या मुलीला त्यांनीच वाढवलं, सकाळी भाकरी भाजून, तिची वेणी घालून. ही वेणी मला फार आवडली. मग तळ्यावर ती आईकडे बघत का उभी राहते? तुम्ही जे लिहिलंय तेच समोर चाललंय. पाण्यावरून एक बाप चार पोरं काखेत घेऊन निघालाय, त्यांचे पाय लोंबताहेत. नायिकेला हे आधी माहीत नसेल, तिलाही ती आईच वाटेल. कोणी तरी तिला सांगू दे. कदाचित वडीलच सांगतील.

ते पान पुन्हा लिहा. लिहिण्याआधी संध्याकाळी एकदा पश्चिमेच्या काठावर बसा, म्हणजे ऊन तुमच्या पाठीशी राहील आणि पक्ष्यांवर पडेल. त्या बापाकडे किती पिल्लं आहेत ते मोजा. चारच असतील असं नाही, दोनही असतील. जितकी दिसतील तितकीच लिहा.